आयसोल्युसिन मोडलं नाही तर जंताचं औषध नाही

पेट्रीडिश (धागालेखिका)

मृद्गंधाच्या धाग्यावर मी "तो वास मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंचा" एवढी एक ओळ टाकून पळाले होते. त्यावर चौघांनी 'सविस्तर लिहा' म्हणून पिच्छा पुरवला. तर घ्या. फक्त वासावर लिहीत नाही, वासावर सगळेच लिहितात. मी लिहितेय या जिवाणूंच्या मोडतोड खात्यावर. प्रबंधाची चार वर्षं आणि नंतर फर्मेंटेशनमधली अकरा वर्षं याच खात्याशी झटापट करण्यात गेली.

आधी ओळख. स्ट्रेप्टोमायसिस हा जिवाणूच, पण दिसतो बुरशीसारखा. तंतू पसरत मातीत शिरतो, मग वर पांढरी लव येते आणि तिचे बीजाणू होतात. १९४३ मध्ये वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ यांनी क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन शोधलं, ते यातल्याच एकाकडून. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जीनोम प्रसिद्ध झाला, त्यात ७,८२५ जनुकं मोजली गेली. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायकडे साधारण ४,३०० असतात आणि पावाच्या यीस्टकडे सहा हजारांच्या आसपास. म्हणजे मातीतला एक जिवाणू यीस्टपेक्षा जास्त सामान बाळगून बसलाय.

एवढं सामान कशाला? मातीत पालापाचोळा, काड्या, मुळं म्हणजे कार्बन भरपूर, पण नत्राची कायमची टंचाई. एखादा किडा मेला, शेजारची बुरशी कुजली की त्यांच्या प्रथिनांतून अमिनो आम्लं सुटतात. ती मिळतील तशी उचलायची आणि नत्र काढून घ्यायचं. नत्र काढलं की उरतो कार्बनचा सांगाडा. उसाचा रस काढल्यावर चिपाड उरतं ना, तसा. आणि गुऱ्हाळात चिपाड कुणी फेकत नाही, वाळवून चुलवणातच घालतात.

माझा सगळा मुद्दा या चिपाडाचा आहे.

व्हॅलिन हे अमिनो आम्ल घ्या. व्हॅलिन डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम त्याचा नत्राचा भाग काढतं. मग दुसरं, बरंच मोठं, अनेक भागांचं यंत्र उरलेल्या सांगाड्यातून एक कार्बन डायऑक्साइड उडवतं आणि त्याला कोएन्झाइम-ए (पेशीतला एक वाहक रेणू) चिकटवतं. तयार होतो आयसोब्युटिरिल कोएन्झाइम-ए. आयसोल्युसिनचं हेच केलं तर मिळतो २-मिथिलब्युटिरिल कोएन्झाइम-ए. हे तुकडे जाळून ऊर्जा मिळवता येते. पण जिवाणू त्यातले काही बाजूला काढतो आणि औषधाच्या साखळीचा पहिला मणी म्हणून वापरतो.

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सत्तरच्या दशकात जपानच्या सातोशी ओमुरांनी शिझुओका प्रांतात कावाना इथल्या गोल्फ मैदानाजवळची माती घेतली, त्यातून स्ट्रेप्टोमायसिस अव्हरमिटिलिस निघाला आणि त्यातून मिळालं आयव्हरमेक्टिन. २०१५ चं नोबेल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना त्याच कामासाठी. या जिवाणूच्या रेणूत पहिला मणी आयसोल्युसिनकडून आला तर 'ए' प्रकार होतो, व्हॅलिनकडून आला तर 'बी'. दोन्हींत फरक एका कार्बनचा. त्यापुढे सात अ‍ॅसिटेट आणि पाच प्रोपिओनेटचे तुकडे ओवले जातात. यातल्या प्रोपिओनेटचा काही वाटाही व्हॅलिन-आयसोल्युसिन पुढे मोडूनच येतो.

चुका दिसल्या तर दाखवा. बरेच दिवसांनी इतकं मराठीत लिहिलंय.

ताकपिठ्या

रुमाल टाकून ठेवतो. चुलवणाची उपमा म्हणजे आमच्या कोल्हापूरला थेट साकडं.

सांगोपांग

लेख छान. एक दुरुस्ती. जिवाणू आयव्हरमेक्टिन बनवत नाही, तो अव्हरमेक्टिन बनवतो. त्यातल्या बी१ नावाच्या घटकांच्या (हा 'बी' वेगळा, तुमचे 'ए' आणि 'बी' नावाच्या शेवटी येतात: बी१ए, बी१बी) एका दुहेरी बंधावर कारखान्यात हायड्रोजन चढवला की आयव्हरमेक्टिन होतं. तुमचं 'त्यातून मिळालं' तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही, पण वाचणाऱ्याला वाटेल की मातीतच गोळी तयार होते. आणि शीर्षकाचं म्हणाल तर आयसोल्युसिन मोडलं नाही तरी व्हॅलिनवाला 'बी' होईलच की!

पेट्रीडिश

पहिली दुरुस्ती शंभर टक्के मान्य. दुसरीवर मात्र भांडणार. दोन्ही मोडण्यासाठी यंत्र एकच आहे. ते बंद पडलं की 'ए' पण गेला आणि 'बी' पण. शीर्षकात दोन्ही नावं मावत नव्हती.

काळी_माती

ताई, हे इंजेक्शन आम्ही वर्षाला दोनदा शेळ्यांना देतो. जंत, गोचीड, खरूज, सगळ्यावर चालतं. आज धागा वाचून गोठ्यातल्या फळीवरची बाटली काढून पाहिली. बारीक अक्षरात बी१ए किमान ८० टक्के, बी१बी २० टक्क्यांपर्यंत असं काहीतरी आहे. इतकी वर्षं वाटायचं ही कंपनीची भेसळ आहे 😀

दोन प्रश्न. एक, 'ए' जास्त आणि 'बी' कमी का? दोन, आमच्याकडे युरिया जास्त झाला की कापूस नुसता माजतो, पानं हिरवीगार, बोंडं नाहीत. तुमच्या जिवाणूंचं पण असंच असतं का?

पेट्रीडिश

भेसळ नाही हो, ती जिवाणूची हजेरी आहे. तुमच्या बाटलीवरचे ते दोन आकडे म्हणजे कुणी आयसोल्युसिनचा तुकडा किती वेळा उचलला आणि व्हॅलिनचा किती वेळा, याचा हिशेब. पहिला मणी पकडणाऱ्या एन्झाइमला दोन्ही चालतात, आणि ब्रोथमध्ये, म्हणजे टाकीतल्या द्रवात, कुठला तुकडा किती उपलब्ध आहे यावरही प्रमाण हलतं. कारखान्यात 'ए'चं प्रमाण चढं राहावं म्हणून वाणाची निवड केली जाते.

दुसरा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसले. अगदी असंच असतं. आणि त्यावर माझी एक फजितीही आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी (कंपनीचं नाव नको) एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या टाकीवर रात्रपाळीला होते. नेहमी नत्रासाठी सोयापेंड असायची. ती हळूहळू विरघळते, हळूहळू मोडते. त्या महिन्यात सोयापेंडीचा लॉट खराब निघाला, म्हणून वरून आदेश आला की पेंड कमी करा आणि अमोनियम सल्फेट वाढवा. दुसऱ्या दिवशी नमुना काढला तर ब्रोथ पिठल्यासारखा दाट. पिपेट वर ओढेना. पेशींचं प्रमाण मागच्या दहा बॅचेसपेक्षा चांगलं. मी खूश, सुपरवायझर खूश, लॉगबुकात 'ग्रोथ एक्सलंट' असं मीच लिहिलंय. पाचव्या दिवशी टायटर, म्हणजे द्रवातलं औषधाचं प्रमाण, आला तो नेहमीच्या निम्मासुद्धा नाही. नुसतीच पानं, बोंडं नाहीत.

कारण साधं आहे. आयता अमोनिया समोर असताना अमिनो आम्लं मोडायची गरजच काय? सीलिकलरमध्ये व्हॅलिन डिहायड्रोजिनेजवर हे स्पष्ट दिसलं आहे: व्हॅलिन दिलं की एन्झाइम वाढतं, ग्लुकोज आणि अमोनियम दिलं की दबतं. एन्झाइम दबलं की तुकडे कमी, आणि तुकडे कमी म्हणजे औषध कमी. अमोनियाचं हे एवढंच कारण नाही, त्याने इतरही बटणं दबतात, पण हे एक पक्कं.

ओमुरांनीच यावर एक उपाय केला होता. टाकीत मॅग्नेशियम फॉस्फेट घालायचं. ते अमोनियाला धरून खाली बसतं आणि मग हळूहळू सोडतं. ल्युकोमायसिन नावाच्या अँटिबायोटिकचं उत्पादन त्याने वाढलं. तुमच्या भाषेत, युरिया एकदम न फेकता थोडा थोडा लागू करणं.

काळी_माती

आमच्याकडे त्यासाठी युरियाला निंबोळी लावतात. चला, जपानचं नोबेल आणि आमची निंबोळी एका रांगेत बसली.

गप्पू_पाटील

आयव्हरमेक्टिनचा विषय निघालाच आहे तर कोविडमध्ये ते दाबून ठेवलं की नाही यावर कुणी बोलणार का?

संपादक_चमू

नाही. त्यासाठी जुना धागा आहे, १४ पानी. तिकडे जावे. इथले पुढचे तीन प्रतिसाद काढले आहेत.

बाळगुटी

मी बालरोगतज्ज्ञ. धागा सहज उघडला आणि मधल्या परिच्छेदावर अडकले. तुम्ही म्हणता ते 'अनेक भागांचं मोठं यंत्र', म्हणजे व्हॅलिन, आयसोल्युसिन, ल्युसिन या तिघांचे सांगाडे पुढे ढकलणारं, ते आपल्या शरीरातही आहे. ते जन्मतःच बिघडलेलं असलं की होणाऱ्या आजाराला मेपल सिरप युरिन डिसीज म्हणतात. बाळ जन्मतः ठीक असतं. दोन-चार दिवसांत दूध ओढेनासं होतं, सुस्त पडतं, आणि लंगोटाला जळक्या साखरेचा वास येतो. मेपल सिरप आपल्याकडे कुणी पाहिलंय? मला शिकवणाऱ्या मॅडम सांगायच्या, काकवी आठवा. निवासी डॉक्टर असताना एकदा रात्री दोनला एका आजीनेच मला सांगितलं, "बाई, पोराच्या दुपट्याला गुळाचा वास येतोय." आम्ही तोवर जंतुसंसर्ग समजून चाललो होतो. रक्तात ल्युसिन भयंकर वाढलेलं निघालं. मेंदूला तेच सगळ्यात घातक.

प्रश्न असा, की तुमच्या जिवाणूत हे यंत्र बिघडवलं तर तो मरतो का?

पेट्रीडिश

डॉक्टर, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्या आजींना नमस्कार.

मरत नाही. आणि इथेच या विषयातली मला सर्वात आवडणारी गोष्ट आहे, मूळ लेखात मुद्दाम राखून ठेवली होती.

अव्हरमिटिलिसमध्ये या यंत्राची जनुकं बीकेडी नावाने ओळखली जातात. त्यातल्या एफ, जी, एच या ओळीने बसलेल्या तीन जनुकांतून यंत्राचे मुख्य भाग बनतात. तुमच्या बाळांत जे भाग बिघडतात त्यांचेच हे दूरचे भाऊबंद. ही जनुकं मोडलेला जिवाणू जगतो, वाढतो, कारण नत्र त्याला पहिल्याच पायरीत मिळून गेलेलं असतं. थोडी अडचण होते, त्याच्या पेशीपटलातली फांदीदार मेदाम्लंही याच तुकड्यांपासून सुरू होतात. पण अव्हरमेक्टिन मात्र ठप्प. पहिला मणीच नाही तर माळ कुठून?

फायझरच्या लोकांनी नेमका असाच बिघडलेला वाण घेतला आणि त्याला बाहेरून वेगवेगळी आम्लं खाऊ घालून पाहिली. स्वतःचा मणी नाही म्हटल्यावर जिवाणू मिळेल तो उचलायला लागला. सायक्लोहेक्झेन कार्बोक्झिलिक आम्ल दिलं तेव्हा त्याने त्या षटकोनी कड्यापासून माळ सुरू केली आणि जो नवा रेणू तयार झाला तो म्हणजे डोरामेक्टिन. काळी_माती, डोरामेक्टिनही जनावरांचंच औषध आहे. कुत्र्या-मांजरांच्या मानेवर टाकायचं सेलामेक्टिन पुढे त्याच्यावरूनच केलं गेलं.

म्हणजे तुमच्या वॉर्डात ज्या बिघाडाने तुमची झोप उडते, तो बिघाड आमच्या टाकीत आम्ही जपून ठेवतो. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, लेबल लावून.

बाळगुटी

उद्या विद्यार्थ्यांना हेच सांगणार आहे. ते बाळ, विशेष दुधावर, आता शाळेत जातं. डाळी-दूध-अंडी मोजून.

तिरकस

वाचायला गोड आहे सगळं, पण मला एक पटत नाही. पोटासाठी अमिनो आम्लं मोडणं आणि औषधासाठी मोडणं यांत जिवाणू फरक करतो असा सूर आहे तुमचा. तो काय डोकं लावून 'हे चिपाड बाजूला ठेवा रे, औषधाला लागेल' असं म्हणतो? उरलंसुरलं जातं तिकडे, संपलं.

पेट्रीडिश

अव्हरमेक्टिनपुरतं तुमचं बरंचसं बरोबर आहे. तिथे एकच यंत्र घरालाही पुरतं आणि कार्यालाही. पण सगळीकडे तसं नाही.

स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्हुलिजेरस बघा. अमॉक्सिसिलिनबरोबर गोळीत जे क्लॅव्हुलॅनिक आम्ल असतं ते याचंच. हाच जिवाणू सेफामायसिन-सी नावाचं आणखी एक अँटिबायोटिकही बनवतो. त्याला लायसिन हे अमिनो आम्ल दिलं तर तो दोन वेगळ्या वाटांनी मोडतो. पोटासाठी मोडायचं तर कॅडाव्हरिनच्या वाटेने. नावाप्रमाणेच, सडक्या मांसाच्या वासाचं ते. आणि सेफामायसिनसाठी मोडायचं तर दुसऱ्या एन्झाइमने, ज्यातून पुढे अमिनोअ‍ॅडिपिक आम्ल होतं. या दुसऱ्या एन्झाइमचं जनुक कुठे असतं? इतर मोडतोड जनुकांच्या शेजारी नाही, थेट सेफामायसिनच्या जनुकांच्या घोळक्यात.

घरची कढई वेगळी आणि लग्नाच्या आचाऱ्याची वेगळी. आचारी स्वतःची कढई टेम्पोत घालून आणतो, घरमालकीण तिची कढई देईल का याची वाट पाहत नाही.

ट्रिप्टोफॅनचंही तेच. डॅप्टोमायसिन या अँटिबायोटिकमध्ये १३ अमिनो आम्लं असतात आणि त्यातलं शेवटचं कायन्युरेनिन, म्हणजे अर्धवट मोडलेलं ट्रिप्टोफॅन. ते मोडायला लागणाऱ्या पहिल्या एन्झाइमचं जनुक डॅप्टोमायसिनच्या घोळक्यात स्वतंत्र बसवलेलं आहे. वॅक्समन आणि वुडरफ यांनी १९४० मध्ये शोधलेलं अ‍ॅक्टिनोमायसिनही असंच, ट्रिप्टोफॅन मोडून मिळालेल्या तुकड्यावर उभं. तिथेही मोडणाऱ्या जनुकांच्या खास प्रती औषधाच्या घोळक्यात आहेत. डोकं नाही हो लावत तो, पण इतक्या पिढ्यांत ज्याच्याकडे स्वतःची कढई होती तो टिकला असावा.

आणि उलटा प्रकारही आहे. सीलिकलर एक लाल रंगद्रव्य बनवतो, त्याला प्रोलिन लागतं. प्रोलिन मोडणारं जनुकच बिघडवलं तर? मोडता येत नाही म्हणून प्रोलिन साठतं आणि बशी जास्त लाल होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामातलं हे निरीक्षण आहे. तिथल्या संशोधकांचा कयास असा, की जास्तीचं प्रोलिन खपवायला हा लाल रंग म्हणजे पाटाचं पाणी ओढ्याला सोडण्यासारखी सांडव्याची सोय. तुमचं 'उरलंसुरलं जातं तिकडे' इथे मात्र चपखल बसतं. तेव्हा एक गुण तुम्हालाही.

तिरकस

एक गुण घेतला. कढई पटली.

पिंपरीचा_पोरगा

वडील एच.ए. कंपनीत होते, आम्ही कॉलनीतच वाढलो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ ची, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली. आमच्या लहानपणी वाऱ्याची दिशा बदलली की एक आंबूस, ओल्या धान्यासारखा वास यायचा आणि आई म्हणायची, "बॅच निघाली वाटतं." वडील सांगायचे की पिंपरीच्या नावाचा एक जिवाणू आहे. आम्हाला थाप वाटायची. खरं आहे का?

पेट्रीडिश

थाप नाही! स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यातून तिथल्या तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन काढलं, बुरशीवरचं औषध. नावातलं 'हॅ' म्हणजे तुमची एच.ए.च. बाबांची माफी मागा.

माझ्या चिपाडाच्या गोष्टीत मात्र ते नीट बसत नाही. हॅमायसिनची माळ पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्लापासून सुरू होते, आणि ते जिवाणू नव्याने घडवतो, काही मोडून मिळवत नाही. ओढूनताणून बसवलं असतं तर सांगोपांगनी पकडलंच असतं.

सांगोपांग

पकडलं असतं.

अनुराधा_मास्तरीण

मी नववीला विज्ञान शिकवते. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, त्याचंही भिंग ओरखडलेलं. हे जिवाणू मुलांना उघड्या डोळ्यांनी दाखवता येतील का?

पेट्रीडिश

येतील, आणि सूक्ष्मदर्शकाची गरजही नाही. बागेतली वीतभर खालची माती घ्या, कागदावर पसरून आठवडाभर सावलीत कोरडी करा. इतर पुष्कळ जिवाणू मरतात, यांचे बीजाणू तग धरतात. चिमूटभर माती कपभर उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळा, गाळ बसू द्या आणि वरचं पाणी पुन्हा दहापट पातळ करा. चायना ग्रास म्हणजेच अगार. त्यात थोडं कॉर्नफ्लॉवर घालून प्रेशर कुकरमध्ये वाफवा, स्वच्छ काचेच्या बशीत ओता. थिजलं की त्या पाण्याचे दोन थेंब पसरा, झाकण लावून कडेने चिकटपट्टी मारा. आठ-दहा दिवस कपाटात.

बुरशी आली तर ती लगेच कळते, कापसासारखी पसरते. आपल्याला हवेत ते बटणाएवढे, घट्ट, खडूची पूड भुरभुरल्यासारखे ठिपके. पांढरे, करडे, एखादा गुलाबीसर. नशीब असलं तर एखाद्याच्या भोवती रंग उतरलेला दिसेल. माझ्या पहिल्या बशीत निळ्या शाईचा थेंब पडल्यासारखं वर्तुळ होतं, आणि मी आधी सहकाऱ्यावर पेन गळल्याचा आळ घेतला होता.

एक मात्र कडक सांगा मुलांना. झाकण उघडायचं नाही, चिकटपट्टी काढायची नाही, नाकाजवळ न्यायची नाही. पाहून झाली की बशी तशीच अर्धा तास कुकरमध्ये आणि मग कचऱ्यात. मृद्गंध हवा असेल तर त्यांना पहिल्या पावसात मैदानात सोडा.

अनुराधा_मास्तरीण

कुकर घरचा आणणार नाही, एवढं नक्की. शाळेच्या खिचडीचा तर नाहीच नाही. मुख्याध्यापकांकडे नवीन कुकरचा अर्ज टाकते, कारण काय लिहू ते सुचवा.